मँचेस्टरला येताय? श्वास जरा जपून घ्या
मँचेस्टरला नोकरी लागली? अभिनंदन! पेढे वाटून झाले असतील, आईने कुकरच्या दोन जादा रिंगा बॅगेत कोंबल्या असतील, तर आता जरा बसा आणि ऐका. मी तीन महिन्यांपूर्वी इथलं भाड्याचं घर सोडलं आणि परवा माझ्या डिपॉझिटचा निकाल लागला. त्यामुळे माझं ज्ञान अगदी ताजं आहे. ओलं म्हणा हवं तर.

घर हवं तर बँकेचं स्टेटमेंट आणा. बँकेत खातं हवं तर घराचा पत्ता आणा. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

छत्री आणू नका. इथला पाऊस आडवा पडतो.

डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा. यावर मी काही बोलत नाही.

आता घर. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली ही घरं फोटोत फार गोड दिसतात. त्यातलं एक घ्या, नोव्हेंबर येऊ द्या, मग कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा. काळ्या ठिपक्यांची रांगोळी दिसेल. एजंटला कळवा. उत्तर लगेच येतं, तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारून येतं, आणि सोबत एक माहितीपत्रक येतं: घरात दमटपणा कशाने होतो? आंघोळीने, स्वयंपाकाने, कपडे वाळत घातल्याने आणि श्वासोच्छ्वासाने. खरंच लिहिलं होतं हो, श्वासोच्छ्वासाने! तेव्हा आंघोळ सणासुदीला करा, कपडे बाहेर पावसात वाळवा, आणि श्वास काय घ्यायचा तो ऑफिसातच घेऊन या. खिडक्या मात्र सताड उघड्या ठेवा. बाहेर दोन अंश, आत हीटर चालू. गॅसचं बिल तुमचंच.

मग एजंट बाई पाहणीला आल्या. भिंतीकडे ओझरतं बघितलं आणि माझ्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या. ‘तुम्ही भात रोज करता का?’ मी राजापूरचा. चार महिने आमच्या घराच्या भिंती पाझरतात, तांदळाच्या डब्यालासुद्धा पावसाचा वास येतो. ओल वरून येते की खालून, कौल फुटलंय की पन्हाळ तुंबलीय, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. इथे पन्हाळीत चक्क झाड उगवलं होतं! खालून बोट दाखवलं तर म्हणतात, झाकण ठेवून शिजवा.

हसण्यावारी नेलं असतं मी. पण इथून जवळच रॉचडेल आहे. तिथे अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल डिसेंबर 2020 मध्ये गेलं. घरातल्या बुरशीने गेलं, हे 2022 मध्ये कॉरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलं. आईबाप सुदानहून आलेले. बापाने 2017 पासून तक्रार केली होती. त्याला सांगितलं, वरून रंग मारा. या लोकांच्या राहणीमुळेच होत असणार, असं घरवाल्या संस्थेने गृहीत धरलं आणि चूक झाली हे नंतर कबूल केलं. त्या मुलाच्या नावाने कायदा झाला, ऑक्टोबर 2025 पासून सामाजिक घरांना, म्हणजे कौन्सिल किंवा संस्था कमी भाड्याने देतात त्या घरांना, लागूही झाला. आणि मला अजून माहितीपत्रकं येतात. भात म्हणे!

तर डिपॉझिट. पाच आठवड्यांचं भाडं, माझे 1,096 पौंड. घर सोडल्यावर त्यातले 240 कापले: ‘मसाल्याचा वास’ आणि ओट्यावर हळदीचा डाग. केंटमधल्या एका घरमालकाने ‘करी’च्या वासाचं कारण देऊन आपल्या लोकांना घरंच नाकारली होती; 2017 मध्ये कोर्टाने ते बेकायदा ठरवलं. आता नाकारत नाहीत. घर देतात आणि वासाचे पैसे लावतात.

आणि मी हे आपल्या मंडळींना सांगितलं तर काय म्हणाले? ‘जाऊ दे रे. कशाला नादी लागतोस? व्हिसाला प्रॉब्लेम व्हायचा.’

कसला प्रॉब्लेम? व्हिसाचा आणि ओट्यावरच्या डागाचा काय संबंध? कोथरूडात वॉचमनने गाडी हलवायला सांगितली तर सोसायटीची घटना काढून भांडणारे तुम्ही, इथे इंग्रजीत दोन ओळींचं पत्र आलं की शेपूट घालता! तुमचं डिपॉझिट 30 दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावंच लागतं. केलं नाही तर कोर्ट तिप्पटीपर्यंत दंड देववू शकतं. पैसे तुमचे असतात. कापायचे तर कारण त्यांनी सिद्ध करायचं. वाद त्या योजनेकडे नेता येतो, फुकट. 2019 च्या कायद्यानंतर व्यावसायिक साफसफाईचे पैसे सक्तीने मागता येत नाहीत. हे सगळं सरकारच्या साइटवर साध्या इंग्रजीत लिहिलंय. पण ते वाचायचं नाही. ग्रुपवर ‘नॉर्मल आहे का हे?’ विचारायचं, आणि सतरा जणांनी ‘हो, आमचेही कापले’ म्हटलं की जेवायला बसायचं. तुम्ही सतरा जण गप्प बसलात म्हणूनच अठराव्याचे कापतात!

माझे 240 पौंड परवा पूर्ण परत आले. तोच एजंट, त्याच रस्त्यावरचं घर, आणि 310 पौंड निमूट सोडून दिलेला माझा एक मित्र काल मला म्हणतो, ‘तुझं नशीब चांगलं.’

नशीब कसलं डोंबलाचं! राहायला आलो त्या दिवशी ओट्याचे चार फोटो काढले होते. डाग तेव्हाही होता.