पाय आत घ्या, काका

पन्नास रुपयांची ती नोट अजून माझ्या पाकिटात आहे. खर्च करवत नाही आणि बघवतही नाही.

रविवारी सकाळी, सहा वर्षांत पहिल्यांदा, माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जुनी फियाट, बाहेर काढली. सोसायटीच्या गेटापर्यंत ती याआधीही गेली होती, पण तेव्हा मागून वॉचमन, पेपरवाला आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर ढकलत होते. या वेळी नाशिकच्या इंदिरानगरहून थेट गंगापूर धरणाकडे, स्वतःच्या जिवावर. सोमेश्वर मागे पडलं तेव्हा मी चक्क गुणगुणत होतो. तेवढ्यात एक गतिरोधक आला. पांढरे पट्टे मारायचे राहून गेलेला, रातोरात रस्त्याला टेंगूळ यावं तसला. खण्णकन आवाज झाला आणि मग कुणीतरी पत्र्याची बादली रस्त्यावरून फरफटत नेतंय असं वाटायला लागलं. सायलेन्सरचा क्लॅम्प तुटला होता.

डावीकडची चाकं कडेच्या मातीच्या उंचवट्यावर चढवली, बाकीच्यांना दगड लावले, चपला काढून बाजूला ठेवल्या, गोणपाट अंथरलं आणि बाइंडिंगची तार नि पक्कड घेऊन खाली शिरलो. पद्मिनीखालची ती दीड-दोन फुटांची जागा मला मनापासून आवडते. तिथं मला कुणी काही विचारत नाही.

"ओ काका, पाय आत घ्या ना जरा."

मागून ट्रॅक्टर येत असेल म्हणून घेतले.

"अजून थोडे. फ्रेममध्ये येऊ राहिले."

मान वाकडी करून फटीतून पाहिलं. एक पांढऱ्या बुटांची जोडी, एक चकचकीत काळ्या बुटांची आणि त्यांच्या शेजारी जांभळं कापड. भरपूर कापड, संपतच नव्हतं. प्री-वेडिंग! थंडीतल्या रविवारी सकाळी या रस्त्याला दर चार झाडांआड एक जोडपं कपाळाला कपाळ लावून उभं असतं, हे मी विसरलोच होतो.

पांढरे बूट म्हणजे फोटोवाला. वय असेल बावीस-तेवीस, आत्मविश्वास मात्र जिल्हाधिकाऱ्याचा.

"काय करू राहिले काका तुम्ही?"

"सायलेन्सर बांधतोय."

"बांधा, बांधा. निवांत बांधा. आमचं दहाच मिनिटांचं काम आहे." जणू मीच त्याच्या दारात आलो होतो. "फक्त मालकांना विचारायचं होतं. मालक कुठं गेले?"

"मीच मालक."

"तसं नाही हो, गाडीचे मालक."

बाहेर येऊन दाखवावं तर एका हातात तापलेला पाइप, तोही फडक्यानं धरलेला. सोडला असता तर छातीवर. म्हणून आडवा पडूनच सांगितलं की बाबा रे, गाडीही माझी आणि खालचा माणूसही मीच. त्यानं दोन सेकंद विचार केला. "मग तर झालंच. तुमची काही हरकत नाही ना?" आणि उत्तराची वाट न बघता जोडप्याला म्हणाला, "सर, तुम्ही बोनेटला टेका. मॅडम, तुम्ही सरांना टेका."

दोघांचं वजन पुढच्या स्प्रिंगांवर आलं. सव्वा इंच. मला खालून बरोबर कळलं.

"गाडी लय भारी आहे काका," तो म्हणाला, "पण रंग कशाला दिला?"

आता हे जरा सविस्तर सांगायला हवं. १९८३ सालची ही गाडी देवळालीला एका बंगल्यात आंब्याखाली सोळा वर्षं उभी होती. मी ती २०१९मध्ये पस्तीस हजारांना घेतली तेव्हा मागच्या सीटमध्ये मांजरीची तिसरी पिढी नांदत होती आणि खालचा पत्रा इतका सडला होता की क्लच दाबायला गेलं तर पायाला जमीन लागायची. तो गंज खरवडून, पत्रा कापून, नवा जोडून, लांबी म्हणजे पुट्टी भरून, घासून, पुन्हा भरून, पुन्हा घासून तिला रंग द्यायला पेंटरनं अकरा महिने घेतले. पावसाळ्यात रंग बसत नाही. उन्हाळ्यात फोड येतात. थंडीत चमक येत नाही. मधे पितृपक्ष होता. अडुसष्ट हजार रुपये मोजून मी जो गंज घालवला, तोच या मुलाला हवा होता.

"जुनी दिसायला पाहिजे ना काका. ही तर नवीच वाटू राहिली. बारक्या, जरा माती मार रे बोनेटवर. रस्टिक वाटू दे."

आणि बारक्यानं मारली. ओंजळभर. रंगावर खडे घसरत गेल्याचा आवाज मी खालून ऐकला. मी ओरडलो. काय ओरडलो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यावर वरून एक बाईचा आवाज आला, "अगं बाई, त्या मेकॅनिकलाही चहा द्या, उपाशी दिसतोय." ही नवरीची मावशी. लगेच कागदी कपात चहा आला आणि माझ्या कानाशेजारी मातीत ठेवला गेला. आडवं पडून चहा पिता येत नाही, हे मावशींना कोण सांगणार? चहा निवत राहिला, त्यात एक मुंगी पडली, आणि तरी खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात माझी चौकशी केलेली ती एकच व्यक्ती.

मग काळे बूट वाकले. नवरदेव. "अंकल, ही व्हिंटेज आहे ना?"

नको तिथं बोट ठेवलं त्यानं. पन्नास वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सरकार गाडीला व्हिंटेज म्हणत नाही. २०२१च्या नियमात तसं लिहिलंय. माझी बेचाळीस वर्षांची. म्हणजे मानानं मिरवायला अजून आठ वर्षं लहान. पण पैसे घ्यायची वेळ आली की तीच गाडी म्हातारी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. एके काळी त्याची फी सहाशे रुपये होती. २०२२मध्ये ती पाच हजार झाली आणि २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. शिवाय हरित कर वेगळा. आमच्या एका आत्याचं असंच होतं. कामाला बोलवायचं तेव्हा "तू काय, अजून तरुण आहेस" आणि सहलीला जायचं तेव्हा "तुला झेपायचं नाही". पेठ रोडच्या आरटीओत मी जेवढा उभा राहिलोय तेवढ्यात चालत पेठला जाऊन आलो असतो. हे सगळं गाडीखालून त्या मुलाला सांगायला सुरुवात केली. सहाशेपाशी पोचलो तेव्हा काळे बूट निघून गेले होते.

"काका, अशा गाड्या आता कुठं मिळतात?" हा पुन्हा फोटोवाला. त्याला मुंबईत एक शूट होतं म्हणे, काळी-पिवळी हवी होती.

कुठून मिळणार? मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदली गेली होती, तिची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३मध्ये भरली आणि ती रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांत केवढे उसासे! ज्यांनी आयुष्यभर "फियाट नको, पाय आखडतात" म्हणत दुसरी टॅक्सी धरली, तेही हळवे झाले. हळवं व्हायला कुणाचं काय जातं? गेलं ते माझं. टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या बाजारात दाराच्या रबरापासून स्टिअरिंगच्या गिअरच्या बुशापर्यंत सगळं मिळायचं. जिथं ही गाडी बनली त्याच कुर्ल्यात आता दुकानदार माझ्याकडे आयुर्वेदिक काढा मागितल्यासारखं बघतो. पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेच्या एका खिट्टीसाठी मी नाशिक-मुंबई तीन फेऱ्या केल्या. ती चुकून उजव्या दाराची निघाली. मला डावी हवी होती.

खाली तार पिळून झाली आणि एवढ्यात अंधारच झाला. बारक्यानं गाऊनची शेपटी हवेत उडवायची आणि फोटोवाल्यानं ती उडतानाच टिपायची, असा त्यांचा बेत होता. पंधरा फुटांची ती शेपटी वारा पडल्यामुळे थेट गाडीखाली, माझ्या तोंडावर. जांभळा अंधार, अत्तर आणि गिअर ऑइल यांचा एकत्र वास. मी हात झटकले. "अय्या, खाली माणूस आहे!" नवरी किंचाळली. इतका वेळ तिला कुणी सांगितलंच नव्हतं. शेपटी सर्रकन ओढली गेली. तिच्यावर माझ्या पंजाचे दोन ठसे उमटले होते, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

एकदाचा बाहेर आलो. आता यांना गाडी दाखवतोच, म्हणून चोक ओढून स्टार्टर मारला. दुसऱ्या झटक्यात चालू! १०८९ सीसीचं इंजिन, सातपूरला रिबोअर केलेलं, रिंगा-पिस्टन नवे. पण मागून निळा धूर निघाला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. म्हणजे एवढं करून रिंगा नीट बसलेल्या नाहीत, पुन्हा इंजिन उतरवायचं, पुन्हा तेच "उद्या या". माझ्या पोटात खड्डा पडला.

"वा! काका, धूर! परत एकदा! सर, मॅडम, धुरात या. काका, जोरात द्या!"

आणि मी दिला. का दिला, ते मला विचारू नका. सहा वर्षांत या गाडीला कुणी "वा" म्हटलेलं नव्हतं. सहा वेळा ॲक्सिलरेटर दाबला, सहा वेळा माझं ऑइल त्या दोघांच्या प्रेमाभोवती तरंगलं. मग फोटोवाल्यानं माझा नंबर घेतला, "पाठवतो काका" म्हणाला, आणि खिडकीतून हात घालून माझ्या खिशात पन्नासची नोट कोंबली. "चहापाण्याला." मी मालक आहे हे त्यानं शेवटपर्यंत मानलं नव्हतं, एवढंच त्यातून कळलं.

घरी पोचलो तर बायकोनं आधी पायांकडे बघितलं. "अहो, एक चप्पल कुठंय?" खरंच की. एकच चप्पल घालून मी गंगापूर रोड ओलांडून आलो होतो आणि क्लच दाबतानाही लक्षात आलं नव्हतं.

काल रात्री फोटो आला. बोलल्याप्रमाणे पाठवला, हे मान्य करायला हवं. निळसर धुकं, म्हणजे माझं ऑइल. बोनेटवर माती. नंबरप्लेट पुसून टाकलेली. गाडीखाली कुणी नाही, नुसती सावली. नवरदेव आकाशाकडे बघतोय, नवरी नवरदेवाकडे, आणि तिच्यामागे ती जांभळी शेपटी काय सुंदर उडालीय! तिच्या अगदी टोकाला, पट्ट्यात कापड अडकून, माझी डाव्या पायाची चप्पल उडतेय.

गाडीच्या खर्चाची माझी एक वही आहे. बायकोला दाखवायची वेगळी, ही खरी. तीन लाख सत्त्याऐंशी हजारांपर्यंत आलीय. सहा वर्षांत जमेच्या बाजूला एकही आकडा नव्हता. काल पहिल्यांदा लिहिला: जमा, धूर, ५० रुपये. खाली खर्चात: बाइंडिंग तार २०, इंजिन ऑइल अर्धा लिटर अंदाजे, चप्पल २४०. मग बराच वेळ विचार करून चप्पल खोडली आणि दाखवायच्या वहीत लिहिली.