जन्मनोंदी वाढल्या म्हणून जन्मदर वाढला असं होत नाही

सध्या एक संदेश बराच फिरतोय. त्याचं सार असं: विकसनशील देशांत दरवर्षी आधीपेक्षा जास्त जन्म नोंदले जातात, म्हणजे तिथला जन्मदर वाढतोच आहे. तो घटल्याचे आकडे मूठभर बायकांना विचारून काढलेले अंदाज आहेत. मुलांच्या जन्मतारखा आठवून सांगणाऱ्यांवर विसंबता येत नाही. तेव्हा सर्वेक्षणं बंद करा आणि सरकारी नोंदवही तेवढी खरी माना. यातल्या एका मुद्द्यात तथ्य आहे. बाकीचे टिकत नाहीत.

पहिला मुद्दा नोंदींचा. नोंदी वाढल्या हे खरंच आहे. पण मुलं जास्त जन्मली तरी नोंदी वाढतात आणि जन्मलेल्यांपैकी जास्त मुलांची नोंद झाली तरीही वाढतात. भारतात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, तरी घरी झालेली कितीतरी बाळंतपणं पुढची अनेक वर्षं वहीत चढलीच नाहीत. बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, शाळाप्रवेशाला जन्मदाखला लागू लागला, तशा नोंदी वाढत गेल्या. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आजही पाच वर्षांखालच्या जेमतेम निम्म्या मुलांची नोंद झालेली असते. शंभरातल्या पन्नास मुलांची नोंद होत होती तिथे सत्तरांची होऊ लागली, तर एकही जन्म न वाढता नोंदी ४० टक्क्यांनी वाढतील. शिवाय उशिरा केलेली नोंद कोणत्या वर्षात मोजली, जन्माच्या की नोंदणीच्या, हेही पाहावं लागतं. संदेशात याचा उल्लेखच नाही.

दुसरी गल्लत संख्या आणि दर यांची. जन्मदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षात झालेले जन्म. भारताचा हा दर १९७१ मध्ये ३६.९ होता, २०२० मध्ये १९.५. लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेनुसार ५४.८ कोटी, २०२० साली अंदाजे १३९ कोटी. गुणाकार करून पाहा: १९७१ मध्ये सुमारे २ कोटी जन्म, २०२० मध्ये सुमारे २.७ कोटी. दर जवळजवळ निम्म्यावर आला आणि जन्म मात्र वाढले! मागच्या मोठ्या पिढ्यांतल्या मुली आई होण्याच्या वयात आल्या, त्यामुळे घरटी मुलं कमी होऊनही एकूण बाळंतपणं जास्त भरली. लोकसंख्येतलं तरुणांचं प्रमाण साध्या जन्मदरालाही वर-खाली खेचतं, म्हणून अभ्यासक एकूण प्रजनन दर पाहतात: आज ज्या वयात बायकांना ज्या दराने मुलं होतात, त्याच दराने एखाद्या बाईला आयुष्यभर मुलं झाली, तर ती सरासरी किती होतील. भारतात तो १९७१ मध्ये ५.२ होता, २०२० मध्ये २.०. हा फरक नीट समजणं गरजेचं आहे, कारण लोकसंख्यावाढीचा धाक घालूनच १९७६ साली या देशात लाखो नसबंद्या झाल्या, त्यातल्या कितीतरी सक्तीने.

आता ‘मूठभर बायकां’बद्दल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. इतर देशांत नमुना, म्हणजे मुलाखतीसाठी निवडलेल्या स्त्रियांचा गट, लहान असतो, पण बांगलादेशात १९७५ ला ६.३ असलेला प्रजनन दर २०११ ला २.३ झाला. एवढी मोठी उतरण नमुन्यातल्या चुकीने दिसत नाही.

नमुन्यावरून मोजणं म्हणजे अंदाजपंचे ठोकणं नव्हे. चंद्रशेखरन आणि डेमिंग या संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये बंगालमधल्या सिंगूरच्या माहितीवर एक साधी रीत मांडली. एका परिसरातल्या जन्मांच्या दोन स्वतंत्र याद्या घ्यायच्या, एक नोंदवहीची आणि दुसरी घरोघर विचारून केलेली, आणि नावं जुळवायची. समजा ८०० जन्म दोन्हीकडे सापडले, १०० फक्त वहीत, १६० फक्त पाहणीत. मग दोन्हीकडून सुटलेले जन्म येतात १०० गुणिले १६० भागिले ८००, म्हणजे २०. काय मोजलं गेलं नाही याचाही हिशेब मांडता येतो. भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीत हेच तत्त्व वेगळ्या रूपात आहे. स्थानिक माणूस वर्षभर जन्म टिपतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघर फिरतो, आणि न जुळलेल्या नोंदी प्रत्यक्ष जाऊन तपासल्या जातात.

तथ्य आहे ते आठवणीच्या मुद्द्यात, पण संदेशात दोष भलत्याच ठिकाणी दिलाय. बहुतेक आया मुलांचा क्रम आणि वय बरंच नीट सांगतात. घोळ पुष्कळदा प्रश्नावलीमुळे होतो. गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या प्रत्येक मुलामागे लसी, स्तनपान, आजारपण असे ढीगभर प्रश्न असतात. दमलेला प्रश्नकर्ता चार वर्षं दहा महिन्यांच्या मुलाला पाच पूर्ण लावतो आणि ते सगळे प्रश्न टळतात. मग पाच वर्षांच्या मर्यादेच्या अलीकडच्या वर्षात जन्मांचा खड्डा दिसतो आणि पलीकडच्या वर्षात उंचवटा. अलीकडचा दर खऱ्यापेक्षा कमी निघतो. असा घोळ एका सर्वेक्षणात जास्त आणि पुढच्यात कमी झाला, तर घट थांबल्याचा भास होतो. केनियात प्रजनन दर १९९८ ला ४.७ आणि २००३ ला ४.९ निघाला, तेव्हा घट खरोखर थांबली का यावर मोठा वाद झाला. पुढे २०१४ ला तो ३.९ आणि २०२२ ला ३.४ आला. एकाच सर्वेक्षणाच्या शेवटच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नये, लागोपाठच्या सर्वेक्षणांत एकाच वर्षाचे आकडे जुळतात का ते पाहावं, ही खबरदारी रास्त आहे. पण ही चूक घट फुगवते तशी लपवतेही. तिच्या आधारे ‘जन्मदर वाढतोय’ असं म्हणता येत नाही.

राहिली शेवटची मागणी, सर्वेक्षणं बंद करण्याची. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची जनगणना १९८४ ला झाली, नायजेरियात २००६ ला. दराच्या छेदात लागणारी लोकसंख्याच जिथे जुनाट अंदाजावर आहे आणि अंशातले जन्म निम्मेच नोंदलेले, तिथे नोंदवही एकटी कशी पुरेल? अमेरिकेच्या पैशावर १९८४ पासून चाललेला लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा कार्यक्रम २०२५ मध्ये थांबवला गेला, आणि अनेक गरीब देशांचा जन्म आणि बालमृत्यू मोजण्याचा मुख्य आधारच डळमळीत झाला. नोंदणी शंभर टक्क्यांजवळ पोचेल तिथे खुशाल नोंदवहीच वापरा. तोवर ती किती अपुरी आहे हे सांगायलाही घरोघर जाऊन विचारणारं कुणीतरी लागेलच.