हरणं हाडं चघळतात म्हटल्यावर आण्णा तापले

परवा बेळगावात टिळकवाडीतल्या कट्ट्यावर विषय निघाला गव्यांचा, खानापूरकडं गवे परत उसात घुसालेत म्हणून आमचा खानापूरकर वैतागलेला, आणि आण्णांनी नेहमीसारखं मध्येच सोडून दिलं, "गवत खाणारं जनावर गरीब असतंय रे, मांस खाणारंच खरं डेंजर."

"गरीब? हजार किलोपर्यंत भरतोय नर गवा, एकदा समोर उभारा की आण्णा!"

मग मास्तर सुरू झाले, सायन्सचे असल्यामुळं त्यांना अडवता येत नाही. म्हणे हरणं हाडं चघळतात, गळून पडलेली शिंगं कुरतडतात, कारण चाऱ्यातनं फॉस्फरस-कॅल्शियम पुरत नाही. एवढ्यावर थांबले असते तर ठीक, पण स्कॉटलंडच्या रम बेटावर लाल हरणं समुद्री पक्ष्यांची पिल्लं धरून मुंडकी खातात हे पण सांगितलं, आणि तिकडंच फौला नावाच्या बेटावर मेंढरं तेच करतात. आण्णा भडकलेच, "ती तिकडची असतील, आमची मेंढरं तसली न्हवंत!"

"आणि उलटं पण हाय की," मास्तर काय सोडत नाहीत, "भीमगडच्या जंगलातलं अस्वल बघा, गणलं जातंय मांसाहारी गटात आणि जगतंय वाळवी, मुंग्या, मध, फळांवर. कोल्हा बोरं-जांभळं खातोय, काकडीला राजी उगंच म्हणत न्हाईत."

"मग बिबट्यानं पण भाजी खावी की!"

इथं मात्र मास्तर ठाम. मांजराच्या कुळाला टॉरिन नावाचा घटक अंगात पुरेसा तयार करता येत नाही, तो मांसातनंच मिळतो, नाही मिळाला तर डोळे जातात, हृदय बिघडतं, त्यामुळं वाघ-बिबट्याला चॉईसच नाही. त्यावरनं साहजिकच 2022 चा बेळगावचा गोल्फ कोर्सवाला बिबट्या निघाला, ऑगस्टमध्ये शाळा बंद, शोधायला हत्ती आणले, आणि पठ्ठ्या काय हाताला लागला नाही. इतके दिवस खाल्लं काय त्यानं?

माझं मत विचाराल तर कुत्री. नगर जिल्ह्यात अकोल्याला बिबट्यांची विष्ठा तपासली होती, तर वजनाच्या हिशेबानं खाण्यातला 87 टक्के भाग पाळीव नाहीतर गावातल्या जनावरांचा, त्यात एकट्या कुत्र्यांचा 39. शेळ्या तिथं कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच, रात्री गोठ्यात बांधलेल्या असतात ना. आपण कोपऱ्या-कोपऱ्यावर कचरा टाकायचा, त्यावर कुत्री पोसायची आणि बिबट्या आला की बोंबलायचं, हे काय मला पटत नाही.

खानापूरकराला बिबट्याशी घेणंदेणं नव्हतं. "ते ऱ्हाऊ दे, माझ्या उसाचं सांगा."

"ऊस गवतच की रे," मास्तर म्हणाले, "गवताच्याच कुळातला, त्यात गोड. गव्यानं सोडायचा कशाला?"

आण्णा लगेच, "म्हंजे वर्षभर राबून हा कारखान्याला गवत घालतोय व्हय?"

खानापूरकरानं चहाचे पैसे त्यांच्यावरच ढकलले.