तुला किती देऊ?

आज भिशीत एकजण सहज बोलून गेली, "बरं झालं की, आता पोटगी थेट लेकीच्या खात्यात येते. व्यवहार कळेल तिला." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी चहा संपवला आणि उठले. घरी येऊन तीन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहिते.

लेक मार्चमध्ये अठराची झाली. लगेच तिच्या वडिलांचा निरोप, "आता ती सज्ञान आहे, द्यायचं ते तिला देईन." पाच तारखेला मी पोळ्या लाटत होते. पोरगी मोबाईल घेऊन ओट्यापाशी आली आणि हळूच म्हणाली, "आई, बाबांचे साडेसात हजार आलेत. तुला किती देऊ?"

तव्यावरची पोळी करपली. तिची काही चूक नव्हती, बिचारी कानकोंडी होऊन उभी होती.

मला सांगा, वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता नेमकं काय बदललं? सिलिंडर दुप्पट दिवस पुरायला लागला? घरमालक भाडं मागायला तिच्याकडे येतो? बी. फार्मसीच्या पहिल्या वर्षाच्या फीसाठी पतपेढीचं कर्ज मी काढलं, हप्ता माझ्या पगारातून जातो. खिशातून आधी जो घालतो, पैसे त्याच्या हातात यायला हवेत. मूल शिकतंय आणि त्याच घरात जेवतंय तोवर तरी.

कायदा काय, तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १४४. त्याखाली मुलगा असो की मुलगी, पोटगी सज्ञान होईपर्यंतच. शारीरिक, मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचं भागवता येत नसेल तरच पुढे. मुलगी अविवाहित असेल आणि तिचं स्वतःचं भागत नसेल, तर १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली ती वडिलांकडे पोटगी मागू शकते, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते स्पष्टही केलंय. पण म्हणजे पोरीने बापाविरुद्ध उभं राहायचं? चौदा वर्षं मी तारखांना जाताना तिला शेजारी ठेवून गेले, ती याचसाठी? सज्ञान अविवाहित मुलीसाठी आईसुद्धा पोटगी मागू शकते, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. वकीलबाईंनी तो वाचून दाखवला तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले. आणि मुलगा असता तर? बारावी झालेला पोरगा लगेच कमवायला लागतो का?

होस्टेलवर राहणाऱ्या मुलाचे मेसचे पैसे थेट त्याला द्यावेत, मान्य. पोटगी स्वतःवर उडवणाऱ्या बायकाही असतील. असोत.

"कमी पडले तर फोन करून माग," असं सांगितलंय त्यांनी तिला. दोन-दोन दिवस ती मेसेज लिहिते आणि पुसते, मला दिसतं. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून पोरीला मधे उभं करायचं? भांडण आपलं होतं ना? मग माझ्याशी भांडा, मी आजवर कधी मागे हटले का?

"तुला किती देऊ?" असं तिने त्यानंतर कधी विचारलं नाही. परवा तिच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेलं दिसलं. आई ६५००, बसपास, झेरॉक्स, आणि उरलेल्या पैशांपुढे "आईची चप्पल". माझ्या चपलेचा अंगठा तुटलाय हे मी कुणाला बोलले नव्हते. मी जर्नल होतं तसंच ठेवून दिलं.

आज पुन्हा पाच तारीख. पैसे अजून आलेले नाहीत. उद्या तिची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. मघाशी दारात येऊन म्हणाली, "आई, बाबांना मेसेज करू का?"

मी म्हटलं, तू अभ्यास कर. मेसेज मी करते.