आड घे की रे!

परवा सकाळी दुधाला गेलो तर डेअरीवाल्यानं पिशवी हातात ठेवता ठेवता विचारलं, "काय ओ, तुमचा तो गुडघ्यावर चालणारा मेला म्हणे?"

मागं रांगेत गल्लीतल्या दोन काकू होत्या. एकीनं पदर तोंडाला लावला. "मेला नाही, व्हिडिओ गेममधला आहे तो, चेकपॉइंटपासून परत सुरू होतो" हे वाक्य उद्यमबागेतल्या फौंड्रीत हिशेब बघणाऱ्या, डोक्यावरचे केस मागं सरकत चाललेल्या माणसाच्या तोंडी शोभत नाही. म्हणून नुसता हसलो. त्या हसण्याचा राग अजून गेलेला नाही.

बातमी डेअरीपर्यंत पोचवणारा कोण, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या शेजारचे सुभेदारकाका. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन त्यांना इतकी वर्षं झाली की त्यांच्या हाताखालचे जवानसुद्धा आता आजोबा झालेत. पण रोज पहाटे फिरायला जाताना काकांच्या बुटांचा आवाज अख्ख्या गल्लीला उठवतो.

झालं असं. रविवार, दुपार, बेळगावचा पाऊस. बायको पोरांना घेऊन माहेरी खानापूरला. आई झोपलेली. निपाणीहून आलेली आत्या आतल्या खोलीत पोथी वाचत बसलेली. मी लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला जोडला आणि 'व्हॅन्क्विश' सुरू केला. ओसाकाच्या प्लॅटिनमगेम्सनं २०१० साली काढलेला हा गेम. दिग्दर्शक शिंजी मिकामी, म्हणजे ज्यानं 'रेसिडेंट इव्हिल' काढून एका पिढीची झोप उडवली तो. कॉम्प्युटरवर हा २०१७ मध्ये आला आणि मी सेलमध्ये घेतला. गोष्ट सांगण्यासारखी नाही. रशियात बंड होतं, बंडखोर अंतराळातली एक अमेरिकन वसाहत ताब्यात घेतात, तिथून मायक्रोवेव्हचा झोत सोडून सॅन फ्रान्सिस्को भाजून काढतात. मग आपला नायक सॅम गिडियन पांढरं चिलखत घालून निघतो. चिलखताला रॉकेटं आहेत. त्यांच्या जोरावर तो दोन्ही गुडघ्यांवर, ठिणग्या उडवत, गोळ्या झाडत, मोटारसायकलच्या वेगानं घसरत जातो. मधेच वेळ संथ होतो, समोरून येणाऱ्या गोळ्या दिसायला लागतात. शहाणपणाचा कसलाही आव नाही. आठवडाभर जीएसटीचे आकडे जुळवलेल्या माणसाला अजून काय पाहिजे?

तेवढ्यात काका पेपरची पुरवणी मागायला आले. पुरवणी घेतली, आणि उभेच राहिले.

"कोण हा?"

"सॅम गिडियन."

"रँक?"

आता आली का पंचाईत! सॅम मुळात सैनिकच नाही. डार्पा म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था आहे, तिचा माणूस. चिलखताची चाचणी घ्यायला आलाय. तसं सांगितलं.

"म्हणजे सिव्हिलियन," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. तो शब्द ते ज्या सुरात म्हणाले, त्या सुरात आमच्या गल्लीत फक्त भाडं थकवणाऱ्याचं नाव घेतात.

मी खेळत राहिलो. समोर लाल डोळ्यांचे रोबो, मी घसरलो, दोन उडवले.

"थांब. थांबव ते."

थांबवलं.

"चीजें क्यों नजर आती हैं?"

"आं?"

"रंगरूटाला पहिल्या महिन्यात शिकवतोय आम्ही. चीजें क्यों नजर आती हैं? शकल. साया. चमक. हरकत, म्हणजे हालचाल." एकेक बोट मिटत गेलं. "आता हेच्याकडं बघ. पांढराधोप. अंगावर दिवे. मागून जाळ. आणि जागेवर बसतोय काय? नाही. दुश्मनानं डोळे मिटले तरी हा दिसंल."

"काका, हा गेम आहे."

"म्हणून काय झालं? चुकीचं ते चुकीचंच की."

मी परत सुरू केलं. मग गोळ्यांचा विषय निघाला. एकाहत्तरच्या लढाईत काकांच्या हातात एसएलआर रायफल होती. वीस राउंडांचं मॅगझिन. वीस! रेंजवर तर झाडलेल्या प्रत्येक राउंडाचं रिकामं खोकं गवतातून शोधून जमा करावं लागायचं, एक कमी पडलं तर संध्याकाळपर्यंत अख्खी प्लाटून चार पायांवर. "आणि हा बाबा खोकी कुठं टाकालाय?" हिशेबनीस म्हणून सांगतो, हा प्रश्न मला लागला. मी इतके दिवस खेळतोय, पण ती खोकी कुठं जातात हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. आणि आता ती दिसायला लागली की दुसरं काही दिसत नाही.

या गेममध्ये एकच बंदूक आकार बदलून दुसरी होते, तिसरी होते. काकांनी ते बघितलं आणि एकच विचारलं, "साफ कोण करतंय?"

रॉकेट जास्त वेळ वापरलं की चिलखत तापतं आणि सॅम काही क्षण नुसता धापा टाकत चालतो. तसा तो तापला तेव्हा काकांना जो आनंद झाला, तसा त्यांच्या नातवाच्या बारशाला झाला नव्हता. "तापणारच! गुडघ्यावर कोण लढाई करतंय का? माझ्या गुडघ्याला विचार की. आड घे! आड घे की रे, मर्दा!"

घेतली आड. आणि इथं एक भानगड आहे. भिंतीमागं लपल्यावर एक बटण दाबलं की सॅम निवांत सिगारेट पेटवतो.

काका उभे राहिले. पुरवणी खाली पडली.

"फ्रंटवर? सिगारेट?" मग त्यांनी मला उठवलं, खिडकीचा पडदा ओढायला लावला, आणि बंकरात विडी मुठीच्या आत कशी धरायची, धूर कुठं सोडायचा, काडी ओढताना तोंड कुठं करायचं, ते सगळं करून दाखवलं. स्क्रीनवर सॅम तसाच थांबलेला. मी शेवटी काकुळतीनं म्हणालो की ती सिगारेट तो लांब फेकतो, रोबो तिच्याकडं वळतात, आणि तेवढ्यात आपण त्यांना टिपायचं. करून दाखवलं. रोबो वळले.

काका बराच वेळ गप्प.

"हं. हे बराबर हाय."

अख्ख्या दुपारी त्यांनी मान्य केलेली ही एकमेव गोष्ट. पण तेवढ्यात आवाजानं आत्या बाहेर आली. तिच्या सासरी तंबाखूची वखार होती. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे–बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले होते, ते तिनं डोळ्यांनी बघितलंय. तिनं चष्मा वर केला, टीव्हीकडं बघितलं आणि म्हणाली, "अर्धी टाकली त्यानं? अर्धी?" आणि त्यानंतर तिनं सॅमकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

काकांना त्या गेममध्ये एकच माणूस पटला. रॉबर्ट बर्न्स. अमेरिकेच्या मरीन सैनिकांचा म्होरक्या, एक हात यंत्राचा, आवाज दगडासारखा, सॅमला सतत झापत असतो. "हा बघ. हा फौजी. हेचं ऐकत जा." बर्न्स बोलायला लागला की काका मला हातानं गप्प करायचे. इंग्रजी त्यांना सगळी कळत नव्हती, पण झापणं कुठल्याही भाषेतलं कळतंय म्हणाले.

मग आला आर्गस. डोंगराएवढा यंत्रराक्षस, आणि त्याच्याकडं एक लेझर आहे, लागला की विषय संपला. तो लेझर सोडण्याच्या नेमक्या क्षणी काका उठून टीव्हीपुढं आले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हितनं जा. बाजूनं. फ्लँक." मला काकांची पाठ दिसत होती. आर्गसला मी दिसत होतो.

"बघ," काका वळून म्हणाले, "सांगालतो तुला."

पुरवणी उचलली, चप्पल घातली आणि गेले. संध्याकाळी कट्ट्यावर बातमी, रात्री गणपती मंडळाच्या मीटिंगमध्ये, सकाळी डेअरीत. मंडळाची पोरं आता मला बघून एक गुडघा टेकतात.

चेष्टा सोडा, पण मला राग आहे आणि तो काकांचा नाही. ते निदान मन लावून बघत तरी होते. राग त्या 'थांबव' शब्दाचा आहे. आई संध्याकाळी मालिका बघते, तेव्हा घरात पाहुणा आला तरी कुजबुजत बोलतो. मॅच असली की शेवटच्या ओव्हरला दाराची बेलसुद्धा कोणी वाजवत नाही. कट्ट्यावर रमी चालू असताना हाक मारली तर माणूस "डाव होऊ दे" म्हणतो आणि हाक मारणारा निमूट थांबतो. माझा गेम मात्र थांबवता येतो, म्हणून तो कधीही थांबवायचा. गॅस आला, थांबव. हा फॉर्म कन्नडमध्ये आहे, वाचून सांग, थांबव. लाईट बिल भरलंस का, थांबव. भर पावसात लाईट जाते तेव्हाही गेम थांबतो, पण लाईट जाताना निदान सल्ला देत नाही.

पत्ते खेळणारा साठीचा माणूस विरंगुळा करतो. मी करतो तो पोरकटपणा. सहा दिवस दुसऱ्यांच्या पावत्या तपासणाऱ्या माणसानं सातव्या दिवशी तासभर यंत्रं फोडली तर कुणाचं काय जातं? तासभरच. सगळा गेमच मुळात लांब नाही. तो लवकर संपतो अशी लोकांनी तेव्हा तक्रार केली होती. त्यांच्या घरी सुभेदारकाका नसणार.

काल काका परत आले. पुरवणी परत द्यायला म्हणे. आजवर त्यांनी एकही पुरवणी परत केलेली नाही. येत्या रविवारी ते एका दोस्ताला घेऊन येणार आहेत. तोफखान्यातले निवृत्त हवालदार. आर्गसवर कुठून मारा करायचा, ते हवालदार बघून सांगतील. शिवाय काकांना त्यांना बर्न्ससाहेब दाखवायचाय. "असला माणूस आजकाल मिळत नाही," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

मी हा गेम आधी एकदा शेवटपर्यंत खेळलोय. बर्न्स शेवटी फितूर निघतो, हे मला माहीत आहे. काकांना मी एवढंच विचारलं, हवालदारकाकांना चहात साखर चालते का?