सही कुणाची, रस्ता कुणाचा? ‘एक चाकरमानी’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मुंबई-गोवा महामार्गावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचा गोषवारा असा: कुठला तुकडा कुठल्या कार्यालयाकडे हे सांगत बसून मी दिल्लीला मोकळं सोडलं. अधिकार खाली वाटणं म्हणजे जबाबदारी झटकणं. आणि मनात आणलं तर मंत्र्याच्या एका फोनवर काम होतं, महाडजवळचा सावित्री नदीवरचा पूल १६५ दिवसांत झालाच की.

आधी माझी चूक. रायगडातल्या इंदापूरच्या पुढचा रस्ता ‘राज्याच्या बांधकाम खात्याचा’ असं मी लिहिलं होतं. तो त्यांचा नाही. १९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ४ प्रमाणे राष्ट्रीय महामार्गाची मालकी केंद्राकडे असते. कलम ५ सांगतं की तो बांधायची आणि नीट ठेवायची जबाबदारी केंद्र सरकारची, मात्र अधिसूचना काढून ही कामं राज्य सरकारला ‘सुद्धा’ करता येतील. त्या ‘सुद्धा’कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. काम खाली गेलं तरी जबाबदारी वरून हलत नाही, म्हणजे इथे तुमचंच बरोबर. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण फोनचं काही पटलं नाही. रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाकडे स्वतःचे रोलर आणि मुकादम नाहीत. दिल्लीत सचिव, अभियंत्यांच्या बाजूला महासंचालक (रस्ते विकास) आणि राज्याराज्यांत देखरेखीला प्रादेशिक अधिकारी. प्रत्यक्ष काम दुसऱ्यांच्या हातून होतं: १९८८च्या कायद्याने आलेलं आणि १९९५पासून कामाला लागलेलं महामार्ग प्राधिकरण, ईशान्येसाठी आणि सीमाभागासाठी २०१४ साली काढलेली कंपनी, संरक्षण मंत्रालयाखालची सीमा रस्ते संघटना आणि राज्यांच्या बांधकाम खात्यांतला राष्ट्रीय महामार्ग विभाग. आपल्या ६६ नंबरवर, म्हणजे याच मुंबई-गोवा महामार्गावर (जुना १७), पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटर प्राधिकरणाकडे, तिथून खाली सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंत बांधकाम खात्याकडे. या दुसऱ्या भागातल्या अभियंत्याचा पगार राज्याचा, बदली मंत्रालयातून म्हणजे मुंबईतून, आणि कामाचा पैसा मात्र दिल्लीचा. दोन सासवा असलेल्या सुनेसारखी त्याची गत. त्याचं अंदाजपत्रक कोकण भवनातल्या मुख्य अभियंत्याकडे जातं, तिथून प्रादेशिक अधिकाऱ्याकडे. रक्कम मोठी असली की पुढे दिल्ली.

तरी खरं अडतं ते जमिनीपाशी, आणि तिथे अधिकार सगळ्यात खाली गेलेला आहे. महामार्गासाठी जमीन केंद्र सरकार घेतं, पण कायद्यातला ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रांत, नाहीतर भूसंपादन अधिकारी. राज्याचा माणूस, ज्याच्या टेबलावर निवडणूक, पूरपंचनामे आणि जातीचे दाखलेही असतात. आमच्या घरच्या चार गुंठ्यांचं सांगतो. थ्री-ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी नोटीस पेपरात आली, बारीक टायपात नुसते गट नंबर. हरकतीला एकवीस दिवस. थ्री-डी, म्हणजे संपादनाची घोषणा प्रसिद्ध झाली त्या दिवशी जमीन केंद्राची झाली, पुढे मोबदल्याचा निवाडा झाला, पैसेही जमा झाले. मग काका चेक आणायला गेले. सातबारावर अकरा नावं, त्यातली तीन मयत. वारसनोंद नाही. दोघं डोंबिवलीला, एक चुलती बडोद्याला. क्लार्कने फाइल उघडलीसुद्धा नाही, म्हणाला, “आधी फेरफार करून आणा, मग सगळ्यांची संमती.” काकांनी त्या कार्यालयाच्या किती खेपा घातल्या ते त्यांनाही आठवत नाही. तोवर त्या जागेवरच्या शेडला हात लावू देणार नाही म्हणून ते अडून बसले. असं एकेक शेड धरून किलोमीटरभर रस्ता अडतो. मंत्र्याचा फोन आला असता तर? मयत माणसाची सही फोनवर होत नाही. (नावं कमी करायचा कंटाळा आम्हीच वीस वर्षं केला होता, हेही लिहायला हवं.)

सावित्रीचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पडला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या, पुढच्या जूनमध्ये नवा पूल सुरू झाला. तो बांधला याच बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाने, पैसा दिल्लीच्या याच रस्ते मंत्रालयाचा. रचना तीच होती, पण एका पुलाला शेकडो सातबारे लागत नाहीत आणि त्या वेळी सगळा महाराष्ट्र तिकडे डोळे लावून बसला होता. यातून इच्छाशक्तीचं महत्त्व दिसतं, नाही म्हणत नाही. पण अधिकार वाटले म्हणून काम रखडतं, हे काही त्यातून सिद्ध होत नाही.

‘दिल्लीने ठरवलं की सगळीकडे होतं’ हे तुमचं वाक्यही जरा तपासून बघा. राज्यघटनेत राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत आहेत, पण वाहनं समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत. २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यातले दंड वाढवले तेव्हा जागेवर तडजोडीचा दंड किती घ्यायचा हे ठरवायचा अधिकार कलम २००मध्ये राज्यांकडेच होता. गुजरातने तो वापरून रकमा उतरवल्या, आपल्याकडे अंमलबजावणीच थांबवून ठेवली. तेव्हा दोन्हीकडे मुख्यमंत्री भाजपचेच होते.

आता तुमचा लोणेऱ्याचा खड्डा. तुम्ही तक्रार प्राधिकरणाकडे टाकलीत आणि ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ म्हणून ती बंद झाली. चीड येणं साहजिक आहे, त्यांनी ती पुढे पाठवायला हवी होती. पण लोणेरे इंदापूरच्या खाली आहे, म्हणजे ती बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे टाका आणि प्रत केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मुंबईतल्या प्रादेशिक अधिकाऱ्याला द्या, कारण कलम ५ तुम्हीच मला शिकवलंत. ‘लोणेऱ्याजवळ’ एवढ्यावर ते हलणार नाहीत, साखळी क्रमांक, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं नेमकं अंतर मागतील. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड दिसतोय, पण खालचा आकडा गवतात गेलाय. गणपतीला गावी जाल तेव्हा तेवढा बघून कळवाल का? अर्ज मी लिहून देतो.