लाडबोरीत पडलेली रिंग

न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की कधीकधी उपसागराच्या पलीकडून, माहियाच्या बाजूने, एक नारिंगी ठिपका वर चढताना दिसतो. रॉकेट लॅब या कंपनीचं इलेक्ट्रॉन रॉकेट. त्याचं पहिलं चाचणी उड्डाण मे २०१७ मध्ये झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूझीलंडचा अंतराळ कायदा लागूही झाला. परवाना, कचरा कमी ठेवण्याची योजना, विमा आणि भरपाईच्या अटी, सगळं त्यात आलं. उड्डाणं थांबली नाहीत.

भारतात मात्र असा अंतराळ कायदा अजून नाही. माझा भाचा हैदराबादला रॉकेट कंपनीत आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, २०२३ चं अंतराळ धोरण आहे, खासगी कंपन्यांना इन-स्पेस ही सरकारी संस्था परवानगी देते, काम चाललंय. कायदा आला की पुन्हा परवान्यांचं राज्य." त्याची धास्ती खोटी नाही. भारताच्या अंतराळ कायद्याच्या २०१७ च्या मसुद्यात तुरुंगवास होता, पण नुकसान झालं तर कंपनीने सरकारला किती भरून द्यायचं त्याचा आकडा नव्हता. अशा कायद्यावर कोण पैसे लावेल?

पण मी मूळचा ब्रह्मपुरीचा. २०२२ च्या गुढीपाडव्याला रात्री आकाशातून जळते लोळ गेले आणि शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीत, माणसाच्या उंचीहून मोठी धातूची रिंग येऊन पडली. मी इथे सकाळी उठलो तर भावाचे फोटो आलेले. काळवंडलेली रिंग आणि भोवती अख्खा गाव. चिनी रॉकेटचा तुकडा असावा, असं जाणकार म्हणाले.

परदेशी रॉकेटाने नुकसान केलं तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भारत त्या देशाकडे भरपाई मागू शकतो. पण तुकडा भारतीय रॉकेटचा असेल तर? आपल्याच देशाच्या रॉकेटने आपल्याच नागरिकाचं नुकसान झालं, तर तो करार लागूच होत नाही. मग त्या शेतकऱ्याने कुणाचं दार ठोठवायचं? धोरणाच्या कागदावर दावा लावता येत नाही. इन-स्पेस स्वतःच अजून कायद्याने उभी राहिलेली नाही, आणि ती इस्रोच्याच खात्याखाली आहे.

म्हणून मला कायदा हवाय, पण आटोपशीर. फ्रान्सने २००८ मध्येच कंपनीच्या जबाबदारीला मर्यादा घातली, त्यावरचं सरकारने उचललं. तसं केलं तर भाच्याच्या कंपनीलाही विमा किती काढायचा ते आधीच कळेल.

हे सगळं त्याला सांगितलं, लाडबोरीचे फोटो पाठवले. त्याने आधी विचारलं, "कुणाला लागलं का, मामा?"

नाही. मोकळ्या जागेत पडली होती.